आरोग्यकेंद्राची आकडेवारी कोणासाठी?

दवाखान्यातील डॉक्टर समोर आलेल्या रुग्णाला तपासतो. सार्वजनिक आरोग्यसेवेला मात्र दारात आलेल्या माणसाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, न आलेल्या माणसाचा विचार करावा लागतो. गोवराची लस राहून गेलेले मूल, पहिल्या तपासणीनंतर पुन्हा न फिरकलेली गरोदर स्त्री, बरे वाटू लागताच औषधे सोडून दिलेला क्षयरुग्ण ही माणसे आरोग्यकेंद्राच्या रांगेत दिसत नाहीत. ती दिसतात ती फक्त नोंदींमध्ये, आणि नोंदी नीट ठेवल्या नसतील तर तेथेही दिसत नाहीत. अशा नोंदी करणे, त्यांची बेरीज आणि पडताळणी करणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्यावरून पुढच्या महिन्याचे काम ठरवणे, या संपूर्ण साखळीला आरोग्य माहितीव्यवस्था असे म्हणतात. संगणक हा या साखळीतील एक दुवा आहे, आणि तो बराच उशिरा आलेला दुवा आहे. इंग्लंडमध्ये १८३९ पासून विल्यम फार याने मृत्यूंचे कारणवार तक्ते तयार करण्यास सुरुवात केली, आणि १८५४ च्या लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीत कोणत्या घरांना कोणत्या कंपनीचे पाणी येते याची मृत्यूंशी सांगड घालताना जॉन स्नो या डॉक्टरला त्याच मृत्युनोंदींचा आधार मिळाला. कागद, दौत आणि नेमाने नोंद करणारी माणसे एवढ्यावर तेव्हा हे काम झाले होते.

भारतात या साखळीची सुरुवात उपकेंद्रापासून होते. मैदानी भागात साधारण ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक याप्रमाणे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली आशा स्वयंसेविका, या दोघी मिळून गावाची मूळ नोंद ठेवतात. ती नोंद महिन्याच्या शेवटी एकत्र होऊन प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, पुढे जिल्ह्याला, राज्याला आणि शेवटी दिल्लीला जाते. केंद्र सरकारने २००८ मध्ये यासाठी संगणकीय आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली सुरू केली. प्रारंभी तिच्यात संपूर्ण जिल्ह्याची एकच बेरीज भरली जाई, नंतर प्रत्येक केंद्राची वेगळी माहिती येऊ लागली, आणि आज देशभरातील दोन लाखांहून अधिक संस्था तीत मासिक अहवाल भरतात. त्या प्रणालीत संख्या असतात, नावे नसतात. नावानिशी पाठपुरावा करण्यासाठी २००९ च्या अखेरीस माता व बालकांचा मागोवा घेणारी दुसरी प्रणाली आली, जिची जागा पुढे प्रजनन व बालआरोग्याच्या पोर्टलने घेतली. या दोहोंतील भेद वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिलीवरून जिल्ह्याचे नियोजन करता येते, दुसरीवरून एका बाईच्या घरी जाता येते.

नियोजन करता येते म्हणजे नेमके काय, हे एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. केंद्राची लोकसंख्या ३०,००० आणि जन्मदर दरहजारी १६ धरला, तर वर्षाला सुमारे ४८० बालके जन्मास येतील. गर्भपात आणि मृतजन्म यांसाठी १० टक्के मिळवले म्हणजे वर्षभरात सुमारे ५२८ गरोदर स्त्रियांची नोंदणी अपेक्षित ठरते. त्यांपैकी साधारण १५ टक्के, म्हणजे ८० च्या आसपास स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत होईल असे नियोजनात धरले जाते. आता सहा महिन्यांत या केंद्राच्या वहीत १७० स्त्रियांचीच नोंद झाली असेल, तर २६४ ची अपेक्षा असताना उरलेल्या सुमारे ९४ जणी कोठे आहेत, हा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे उभा राहतो. कदाचित एखाद्या वाडीत आशाची जागा रिकामी असेल, कदाचित काही स्त्रिया थेट शहरातील खासगी दवाखान्यात जात असतील, कदाचित अंदाजच चुकीच्या लोकसंख्येवर बेतलेला असेल. तसेच १७० नोंदींत जोखमीची माता म्हणून केवळ सहा जणींची नावे असतील, तर त्या भागातील स्त्रिया असाधारण निरोगी आहेत असे मानण्यापेक्षा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन प्रत्यक्ष मोजले जात नसावे, असे मानणे अधिक शहाणपणाचे. प्रश्नांची उत्तरे आकडे देत नाहीत, पण कोणत्या वाडीवर जाऊन काय विचारावे हे ते सांगतात, आणि ज्या अधिकाऱ्याजवळ एक जीप आणि चार रिकामी पदे आहेत त्याच्या दृष्टीने ही मोठीच मदत असते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. वर्षाला ४८० जन्म होणाऱ्या केंद्रात या हिशेबाने सहा-सात वर्षांतून एखादा मातामृत्यू घडेल. मग त्या केंद्राचे काम चांगले की वाईट हे मातामृत्यूच्या प्रमाणावरून ठरवता येणार नाही. एका वर्षी शून्य आणि दुसऱ्या वर्षी एक यांत योगायोगाखेरीज काही असेलच असे नाही. म्हणून लहान पातळीवर प्रमाणे काढत न बसता घडलेल्या प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करावे लागते: दुखणे ओळखायला किती वेळ गेला, वाहन मिळायला किती गेला, रुग्णालयात पोहोचल्यावर रक्त मिळायला किती गेला. जिल्हा पातळीच्या आढावा बैठकीत लहान केंद्रांची टक्केवारी वाचून दाखवून जाब विचारण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात हा साधा संख्याशास्त्रीय विवेक अनेकदा हरवतो.

मूळ नोंद कितपत खरी आहे, हा या सगळ्यातील सर्वांत कळीचा प्रश्न होय. नोंदवहीचे एक पान उघडून त्यातील नवजात बालकांच्या वजनाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, तर पुष्कळदा २.५ किलो हा आकडा पुन्हा पुन्हा येताना दिसतो. अडीच किलोच्या खालील बालक कमी वजनाचे समजले जाते, त्याचा वेगळा पाठपुरावा आणि वेगळा अहवाल करावा लागतो, त्यामुळे २.३ किंवा २.४ किलोचे बालक कागदावर अडीच किलोचे होण्याचा मोह व्यवस्थेतच दडलेला असतो. रक्तदाबाच्या रकान्यात ओळीने १२०/८० लिहिलेले असणे हीही तशीच खूण. जन्मतः एखादा श्वास घेऊन गेलेले बालक मृतजन्म म्हणून लिहिले की बालमृत्यूंच्या संख्येतून ते आपोआप वगळले जाते. रिकामा रकाना आणि शून्य यांतील फरक तर फारच थोड्यांना महत्त्वाचा वाटतो. वास्तविक शून्य म्हणजे पाहिले आणि काही आढळले नाही, तर रिकामा रकाना म्हणजे पाहिलेच नाही किंवा पाहूनही कळवले नाही. संगणकावर रिकाम्या जागी शून्य पडले की न पाहिलेली गोष्ट नसलेली गोष्ट ठरते.

अशा चुकांचा सगळा दोष आरोग्यसेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिच्याजवळ गरोदर मातांची, लसीकरणाची, कुटुंबनियोजनाची, ताप सर्वेक्षणाची, औषधसाठ्याची अशा वेगवेगळ्या वह्या असतात, आणि प्रत्येक राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वतःचे पोर्टल आल्यापासून तीच माहिती वहीत एकदा आणि मोबाईलवर वा संगणकावर दोन-तीनदा भरावी लागते. जेथे नेटवर्क नाही तेथे ती तालुक्याच्या गावी जाऊन भरायची. या श्रमांतून तिच्या वाट्याला परत काय येते, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच असते: अहवाल उशिरा आल्याबद्दलचा खुलासा मागणारे पत्र. ज्या माहितीचा उपयोग लिहिणाऱ्याला होत नाही ती माहिती काळजीपूर्वक लिहिली जात नाही, आणि ज्या आकड्यावरून शिक्षा होते तो आकडा सुधारून लिहिला जातो. कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात हा अनुभव देशाने दशकानुदशके घेतला. पद्धतवार उद्दिष्टे गाठण्यासाठी आकडे फुगतात आणि स्त्रियांवर सक्तीही होते, हे उमगल्यावर १९९६ मध्ये केंद्र सरकारने ती उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द केली.

महाराष्ट्राच्या संदर्भात या बाबतीतले सर्वांत बोलके उदाहरण बालमृत्यूंचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावोगावी जन्म आणि मृत्यू यांची स्वतंत्र, चिकाटीची नोंद ठेवण्याची पद्धत उभी केली, आणि त्या नोंदीमुळेच बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात पडतो हे तेथे ठळकपणे दिसून आले. पुढे राज्यातील इतर स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन निरनिराळ्या भागांत तशीच मोजणी करण्यात आली आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात घडणाऱ्या बालमृत्यूंपैकी फार थोडे शासकीय अहवालांत उतरतात, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्याने विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली आणि शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. जे मृत्यू कागदावर नव्हते त्यांच्यासाठी निधी, मनुष्यबळ किंवा औषधे मागण्याचा आधारच कोणत्याही अधिकाऱ्याजवळ नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे; नोंद दडवल्याने जिल्ह्याची अब्रू वाचली असेल, बालके वाचली नाहीत. गडचिरोलीत तयार झालेली घरोघरची नवजात बालक सेवा २०११ पासून देशभर आशांमार्फत सुरू झाली, आणि आज दवाखान्यात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असा जो नियम आहे, त्याचे मूळ या मोजणीत आहे.

२००५ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने कुपोषणाच्या बाबतीत याच दुखण्यावर बोट ठेवले. अंगणवाडीत कुपोषित बालके जास्त आढळली म्हणून सेविकेला दोष देण्याचे थांबवून खरी श्रेणी लिहिण्यास उत्तेजन द्यावे, असे धोरण मिशनने धरले. त्यामुळे आरंभी कागदावरचे कुपोषण वाढणे अपरिहार्य होते, आणि ती वाढ सोसण्याइतका राजकीय व प्रशासकीय धीर त्या काळात दाखवला गेला ही दुर्मीळ गोष्ट आहे. वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या, दोन वर्षांखालील बालकांचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ टक्के आढळले. या घटीमागे अनेक कारणे असणार. परंतु खरा आकडा मान्य केल्यावाचून त्यांतील कोणत्याही उपायाला दिशा मिळाली नसती.

नेहमीच्या अहवालांची खातरजमा करण्यासाठी स्वतंत्र पाहणीची गरज असते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहते. त्या पाहणीनुसार महाराष्ट्रात १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ७३.५ टक्के होते. केंद्रांच्या मासिक अहवालांतील टक्केवारी याहून बरीच वर जाते, कधी तर १०० च्याही पलीकडे. शंभर बालकांपैकी एकशे दहा बालकांना लस कशी दिली जाईल, असा प्रश्न सामान्य माणसाला पडेल. त्याचे उत्तर अपूर्णांकाच्या छेदात आहे. दिलेल्या लसी हा अंश मोजलेला असतो, पण एकूण बालके हा छेद अंदाजाने धरलेला असतो, आणि तो अंदाज २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. मधल्या काळात एखाद्या तालुक्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि दुसऱ्यातून तरुण जोडपी निघून गेली, तरी दोन्हींचा छेद जुन्या दरानेच वाढत राहिला. म्हणून एका ठिकाणचे काम फुगून दिसते आणि दुसऱ्या ठिकाणचे खचून दिसते.

छेदाची ही अडचण मराठी समाजाच्या दोन चालींमुळे आणखी वाढते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत अजून टिकून आहे. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, आणि बाळाच्या लसी काही तेथे, काही परत आल्यावर येथे, असा एका स्त्रीचा प्रवास दोन जिल्ह्यांच्या वह्यांत विभागला जातो. सासरची आरोग्यसेविका तिला ‘पाठपुरावा तुटला’ असे लिहिते, माहेरची तिला नव्याने नोंदवते, आणि राज्याच्या बेरजेत ती एकदा हरवलेली व एकदा जास्तीची दिसते. दुसरी चाल पोटासाठीच्या स्थलांतराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी निघणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत राहतात. तेवढ्या महिन्यांत त्यांच्या बालकांचे लसीचे दोन-तीन हप्ते येऊन जातात, आणि ज्या गावात ती राहतात त्या गावाच्या यादीत त्यांची नावे नसतात. नावानिशी मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली खरी उपयोगी पडायची ती येथे. नोंदणी क्रमांक सांगितला की तिसऱ्या जिल्ह्यातील परिचारिकेला मागच्या लसींची तारीख दिसावी, ही अपेक्षा तांत्रिकदृष्ट्या आज पूर्णपणे साध्य आहे. पण त्यासाठी कारखान्याच्या परिसरातील कोप्या या त्या त्या केंद्राच्या कार्यक्षेत्राचा भाग आहेत, हे आधी माणसांनी मान्य करावे लागते.

ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत माहितीव्यवस्थेची आणखी एक मोठी पोकळी २०१९ मध्ये उघड झाली. बीड जिल्ह्यात तरुण वयातच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत असल्याची बातमी पत्रकार आणि कार्यकर्ते यांच्यामुळे बाहेर आली, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. यांतील बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या, आणि खासगी रुग्णालयांची माहिती शासकीय अहवालांत अत्यंत तुटपुंजी येते. ज्या राज्यात मोठ्या संख्येने लोक खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतात, त्या राज्यात केवळ सरकारी केंद्रांच्या नोंदींवरून लोकांच्या आरोग्याचे चित्र काढणे म्हणजे अर्ध्या गावाचा विचारच न करणे होय. क्षयरोगाच्या बाबतीत २०१२ मध्ये प्रत्येक रुग्णाची माहिती कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक करण्यात आले, त्याच वर्षी ‘निक्षय’ ही प्रणाली सुरू झाली, आणि पूर्वी हिशेबातच नसलेले खासगीकडील लाखो रुग्ण हळूहळू दिसू लागले. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी मिळणारी दरमहा ५०० रुपयांची, आणि आता १,००० रुपयांची, मदत याच नोंदीच्या आधारे थेट बँक खात्यात जमा होते. येथे नोंद झाल्याने रुग्णाच्या पदरात काही पडते, ही गोष्ट महत्त्वाची.

नोंदीचा लाभ ती करणाऱ्याला तत्काळ मिळतो तेव्हा ती किती नेटकी राहते, हे लसींच्या साठ्याच्या व्यवस्थेत पाहावे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतात; पोलिओची तोंडावाटे द्यायची लस उष्णतेने लवकर निकामी होते, तर पंचगुणी आणि कावीळ-ब यांच्या लसी गोठल्या की वाया जातात, आणि बाटलीकडे नुसते पाहून हे नेहमी कळतेच असे नाही. २०१५ पासून देशात टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘ईविन’ या प्रणालीत शीतपेटीला तापमापक यंत्र जोडलेले असते. तापमान मर्यादेबाहेर गेले की केंद्रातील जबाबदार व्यक्तीच्या मोबाईलवर संदेश येतो, आणि लसीकरण सत्र संपल्यावर ती व्यक्ती शिल्लक मात्रांची नोंद मोबाईलवरच करते. रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत वाट न पाहता पेटी हलवता येते, आणि शेजारच्या केंद्रात जास्तीच्या मात्रा आहेत हेही दिसते. येथे आकडा वर जातो खरा, पण त्याआधी तो जागच्या जागी काम करतो.

साथरोग सर्वेक्षणाची गरज वेगळी आहे, तेथे अचूकपणाइतकीच तत्परता लागते. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर संशयित निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून असे तीन वेगवेगळे साप्ताहिक अहवाल देत असत. अलीकडे प्रत्येक रुग्णाची माहिती ठिकाणासह भरण्याची सोय झाली आहे. एका वस्तीत एका आठवड्यात जुलाबाचे बारा रुग्ण दिसले की पाण्याचा नमुना घ्यायला माणूस त्याच दिवशी निघाला पाहिजे, एवढीच या व्यवस्थेची कसोटी.

व्यक्तीच्या नावानिशी माहिती साठवण्यात धोकाही आहे, आणि तो तांत्रिक बाब म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांची नोंद गावात फुटली तर एखाद्या स्त्रीचा संसार मोडू शकतो. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आरोग्य क्रमांक दिले जात आहेत आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु नोंदणीच्या टेबलावर क्रमांक मागताना संमती म्हणजे काय हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले जाते का, आणि क्रमांक नसलेल्याला सेवा नाकारली जात नाही ना, यावर त्या कायद्याचे मोल ठरेल.

दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर वर्णभेदाच्या काळातील विस्कळित आरोग्यसेवा एकत्र आणताना जिल्हा आरोग्य माहिती प्रणालीचे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. ऑस्लो विद्यापीठाच्या साहाय्याने ते वाढले, त्याची इंटरनेटवर चालणारी आवृत्ती २००६ मध्ये प्रथम केरळात वापरली गेली, आणि आज अनेक विकसनशील देशांच्या आरोग्य मंत्रालयांचा कारभार तिच्यावर चालतो. तिच्यामागची मूळ कल्पना अशी होती की माहिती जेथे गोळा होते तेथेच ती आधी वापरली जावी आणि वर फक्त आवश्यक तेवढीच जावी. महाराष्ट्रात सॉफ्टवेअरची वाण नाही, या कल्पनेची आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर त्या उपकेंद्राचाच आलेख असावा, तालुक्याच्या बैठकीत खुलाशापेक्षा मदतीची चर्चा व्हावी, एका माहितीची नोंद एकदाच करावी लागावी, आणि वाईट आकडा प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण मिळावे, या गोष्टींना नव्या पोर्टलची गरज नाही.

सामान्य नागरिकाच्या हातीही यांतले काही आहे. घरातील प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, माहेरी किंवा कामावर जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, आणि येऊ घातलेल्या २०२७ च्या जनगणनेत घरी येणाऱ्या प्रगणकाला कोणाचेही नाव न वगळता माहिती द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात. आपल्या गावात गेल्या तिमाहीत किती बालके जन्मली, किती दगावली आणि कोणाची लस राहिली आहे, हे त्यांनी बैठकीत विचारावे आणि ग्रामसभेत कोणाचेही नाव न घेता ती संख्या वाचून दाखवावी.